रकाने

पहिल्या नमुन्यात चारी कोपऱ्यांत बर्फ पडत होता.
दुसऱ्यात वर्षच सप्टेंबरपासून सुरू,
तिसऱ्यात रोज सकाळी आठला
एक चौकोन विचारत होता :
आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?
सकाळी आठला मी
ड्युटीवरून आलेल्या माणसाचा डबा घासत असते.

एकवीस नमुने पाहिले तीन रात्रींत,
मोबाइलच्या उजेडात, पंख्याच्या खडखडाटात.
वाटलं, साडीच्या दुकानात बसलेय
गादीभर घड्या उलगडून,
आणि घ्यायचंय नुसतं अस्तर.

शेवटी साधाच घेतला. काळ्या रेघा, तारखा नसलेला.
जामनेर रोडवरच्या युवराज झेरॉक्समध्ये
प्रवीणदादानं विचारलं, कलर की ब्लॅक,
एका बाजूनं की दोन्ही?
मग पान उलटसुलट करून,
"ताई, हे नेमकं कुठल्या ऑफिसचं?"
घरचं, म्हटलं.
त्यानं दोन रुपये कमी घेतले.

भाऊ दोंडाईच्याहून फोनवर हसला :
"शाळाबी छापेल भेटस का आते?"
भेटस, भाऊ. पन मापनी नही भेटस.

म्हणून पट्टी, पेन्सिल, पांढरी शाई घेऊन बसले.
आधी सोमवार ते शनिवार पुसले.
तिच्या पप्पांची मालगाडी वार पाहून निघत नाही.
रात्री दोनला फोन वाजतो,
आणि खंडव्याहून, बडनेऱ्याहून
ते परततात तेव्हा आमचा रविवार.
वारांच्या जागी लिहिलं :
पप्पा घरी. पप्पा झोपलेत. पप्पा गाडीवर.
'झोपलेत'च्या खाली सगळे मुके विषय,
चित्रं, नकाशा, मनातल्या मनात वाचन.
पाढे 'गाडीवर'मध्ये, मोठ्यानं.

भुसावळचा नळ आठ-दहा दिवसांनी येतो,
त्याला पानभर आडवी पट्टी दिली.
त्या दिवशी गणित टाकीजवळच :
किती हंडे, किती लिटर, किती दिवस पुरवायचे,
बाकी शून्य आली पाहिजे
पण शून्याच्या आधी नळ यायला पाहिजे.

एप्रिल-मेच्या पानांवर बारा ते पाच
तिरप्या रेघा मारून टाकल्या.
सेहेचाळीस अंशांत मेंदूही फरशीवर पालथा पडतो.
'खेळ' ओढत ओढत रात्री नऊला नेला, गच्चीवर.
तिथेच दिवसभर बिबडे वाळत असतात,
ते कुठे बसवावेत कळेना.
विज्ञान लिहिलं. खोडलं.
'बिबडे' लिहिलं.

उजव्या कडेला उरला 'हजेरी'चा उभा रकाना.
त्यावर पांढरी शाई फिरवायची म्हणून
बाटली हलवली, आणि हात तिथेच राहिला.

मागच्या वर्षी, चौथीत,
शलाका वर्गात बसलेली असे, खिडकीकडून दुसऱ्या बाकावर.
नाव पुकारलं की उभी राही.
'हजर'मधला 'ह' ओठांच्या आतच घुटमळे,
आणि तोवर बाई पुढच्या नावावर गेलेल्या असत.
बाईंच्या वहीत ती एकोणचाळीस दिवस नव्हती.
आम्ही डबा भरून देत होतो एकोणचाळीस दिवस.

तिनं माझ्या हाताखालून पान ओढून घेतलं.
"रा… राहू दे हा," म्हणाली.
रकान्याच्या माथ्यावर सावकाश नाव लिहिलं,
स्वतःचं नाही. माझं.

पहिलं पान भरलं तेव्हा पाहिलं :
ह. ह. ह.
नळाच्या दिवशी ह, दोनदा गिरवलेला.
आणि त्या एका दुपारी,
ती समोर वही उघडून बसली होती
आणि मी फोनवर सरकवत होते आणखी नमुने,
फुलांच्या किनारीचे, पुढच्या वर्षासाठी,
तिथे बारीक अक्षरात,
अगदी बाईंच्या वळणाचं :
गै.

दुसऱ्या पानाच्या प्रती काढायला गेले
तर प्रवीणदादा म्हणाला, टोनर संपलंय, रविवारी या.
कुठल्या रविवारी, विचारायचं राहिलं.